वाचक विचारतात: आपल्याच गटातली कोडिंगची स्पर्धा

सीमाभागातून आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा आला. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर जमलेल्या गटात, आपापसांत, प्रोग्रॅमिंगच्या खेळीमेळीच्या स्पर्धा कशा घ्यायच्या? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा टेलिग्रामवर गट आहे, साठेक जणांचा. कुणी बेळगावात इंजिनिअरिंगला, कुणी कोल्हापूरला, काही पुण्यात नोकरीला. महिन्याला एक स्पर्धा घ्यायचं ठरलंय, पण सुरुवात कुठून करायची? किती प्रॉब्लेम, किती वेळ, कुठली साइट? — निपाणी

साठांतले पहिल्या वेळी पंधरा-वीस बसतील असं धरून चाला आणि त्यांच्यासाठी चार प्रॉब्लेम, दोन तास ठेवा. पहिला प्रॉब्लेम असा हवा की ज्याला लूप आणि अट लिहिता येते त्याला तो दहा मिनिटांत सुटावा. दुसऱ्यात थोडी सावधगिरी लागावी. तिसऱ्यात सॉर्टिंग (क्रमाने लावणं) किंवा प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनच्या चालू बेरजा) यासारखी एखादी ओळखीची युक्ती असावी. चौथा दोन-तीन जणांनाच सुटला तरी चालेल. मात्र एकही प्रॉब्लेम न सुटता घरी गेलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही, म्हणून पहिल्या प्रॉब्लेमवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. प्रॉब्लेम काढणाऱ्याला तो नेहमी सोपाच वाटतो. त्याला दहा मिनिटं लागली तर भाग घेणाऱ्याला अर्धा तास लागेल, या हिशेबाने काठिण्य ठरवा.

पहिल्या दोन स्पर्धांना स्वतःचे प्रॉब्लेम काढू नका. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर खासगी ग्रुप उघडता येतो आणि त्यात जुन्या स्पर्धांतले प्रॉब्लेम निवडून 'मॅशअप' नावाची नवी स्पर्धा जुळवता येते. टेस्ट केस (तपासणीची इनपुटं आणि त्यांची बरोबर उत्तरं) आणि जज (कोड चालवून उत्तर तपासणारी यंत्रणा) दोन्ही तयार मिळतात. व्हीजज या साइटवर वेगवेगळ्या जजवरचे प्रॉब्लेम एका स्पर्धेत आणता येतात. पहिल्या प्रॉब्लेमसाठी नमुना हवा असेल तर कोडफोर्सेसच्या चौथ्या स्पर्धेतला पहिला प्रॉब्लेम बघा. एका कलिंगडाचे वजन सम असलेले दोन भाग करता येतील का, एवढंच विचारलं आहे. वजन सम असेल तर हो, असं बहुतेक जण लिहितात आणि २ किलोच्या कलिंगडावर अडकतात, कारण त्याचे १ आणि १ असेच भाग होतात. कोड तीन ओळींचा, पण विचार करायला लावणारा. हा खास प्रॉब्लेम फार जणांनी सोडवलेला असतो, त्यामुळे तो तसाच न देता त्याच्या जातीचा दुसरा शोधा.

माणसं किमान तीन लागतात. एक प्रॉब्लेम काढणारा किंवा निवडणारा. दुसरा, उत्तर न बघता तो आधी सोडवून पाहणारा. तिसरा, स्पर्धा चालू असताना शंकांना उत्तरं देणारा. या तिघांनी त्या दिवशी स्पर्धेत उतरायचं नाही. शंकेचं उत्तर विचारणाऱ्याला एकट्याला न पाठवता सगळ्यांना एकदम पाठवा. तारीख ठरवताना व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) सेमिस्टर परीक्षा, गणपती आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचे दिवस टाळा. त्या दिवसांत कुणी लॅपटॉप उघडत नाही.

आम्ही स्वतःचे प्रॉब्लेम काढून हॅकररँकवर स्पर्धा घेतली. निम्म्या मुलांची बरोबर उत्तरं जजने चूक ठरवली आणि काहींची चुकीची पास झाली. दोन तास नुसती भांडणं. नेमकं काय चुकतं? — खानापूर

दोन्ही तक्रारींचं मूळ टेस्ट केसमध्ये असतं. एक प्रॉब्लेम पूर्ण घेऊन दाखवतो.

गुळाच्या सौद्यात एन ढेपा आहेत, प्रत्येकीचं वजन ग्रॅममध्ये दिलं आहे. ज्यांच्या वजनांची बेरीज बरोबर के ग्रॅम होते अशा किती जोड्या निघतील? एन जास्तीत जास्त २ लाख. वजन १,००० ते ३०,०००. के २,००० ते ६०,०००. या मर्यादा मजकुरात लिहिल्याच पाहिजेत, कारण कुठली पद्धत चालेल हे त्यांवरूनच कळतं.

नमुना म्हणून पाच ढेपा द्या: १०,०००, १०,०००, १०,०००, ५,०००, १५,०००. के २०,०००. उत्तर ४. दहा किलोच्या तीन ढेपांतून तीन जोड्या आणि पाच-पंधराची एक. नमुन्याखाली हे दोन ओळींत उलगडून सांगा. "सारख्या वजनाच्या ढेपा वेगळ्या मोजायच्या का?" ही शंका तिथेच मिटते.

सरळ पद्धत म्हणजे प्रत्येक ढेप प्रत्येकीशी जोडून बघणं. २ लाख ढेपांना ते जवळपास २,००० कोटी वेळा करावं लागेल. चांगली पद्धत अशी: कुठल्या वजनाच्या किती ढेपा आहेत हे ३०,००१ घरांच्या अॅरेत (० पासून क्रमांक असलेल्या घरांच्या यादीत) मोजून ठेवायचं, मग प्रत्येक ढेपेसाठी 'के वजा तिचं वजन' या घरात किती आहेत ते बघायचं आणि शेवटी निम्मं करायचं. यात चार खड्डे आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळी टेस्ट केस लागते.

पहिला खड्डा: ढेपेचं वजन के च्या बरोबर निम्मं असेल तर ती स्वतःशीच जोडली जाते. दोन ढेपा, दोन्ही १०,००० ग्रॅमच्या, के २०,०००. उत्तर १ यायला हवं.

दुसरा: २ लाख ढेपा, सगळ्या ५,००० ग्रॅमच्या, के १०,०००. उत्तर १९,९९,९९,००,०००. ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, त्यामुळे सी प्लस प्लसमध्ये साधा 'इंट' वापरणाऱ्याचं उत्तर भलतंच येतं. 'लाँग' वापरून सुटका होईलच असं नाही. विंडोजवर तोही ३२ बिटांचाच असतो, 'लाँग लाँग' घ्यावा लागतो. पायथनवाल्यांना हा त्रास नाही.

तिसरा खड्डा मात्र खास पायथनवाल्यांना फसवणारा आहे आणि तो सहजी दिसत नाही. के २,०००, ढेपा दोन: ३०,००० आणि २,००१. उत्तर उघडच ०. पण पहिल्या ढेपेसाठी घर क्रमांक उणे २८,००० येतो. पायथन एरर देत नाही, यादीच्या शेवटाकडून मोजतो आणि नेमक्या २,००१ च्या घरात जातो. दुसऱ्या ढेपेसाठी उणे १ येतो, म्हणजे शेवटचं, ३०,००० चं घर. एकूण २, निम्मं १. कोड चुकीचं आणि चेहरा निर्दोष. ही दोन ढेपांची केस नसेल तर तो पास होतो.

चौथा त्याच्या उलट. के ६०,००० आणि ढेप १,००० ची असेल तर घर क्रमांक ५९,००० निघतो. तिथे पायथन एरर देतो, सी प्लस प्लस मात्र दुसऱ्याच्या मेमरीत डोकावून काहीतरी आणतो. तुमच्या मशीनवर ते शून्य असेल, जजवर नसेल.

या चारांशिवाय एन १ आणि सर्वांत मोठा, के सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, शिवाय काही यादृच्छिक अशा बारा ते पंधरा केस पुरतात. उत्तरं हाताने काढू नका. सरळ पद्धतीचा हळू पण खात्रीचा प्रोग्रॅम लिहा, चांगल्या पद्धतीचा दुसरा लिहा, आणि आठ-दहा ढेपांचे लहान यादृच्छिक इनपुट हजारभर वेळा दोघांना देऊन उत्तरं ताडून बघा. यादृच्छिक वजनं १,००० ते ३०,००० अशी विखुरलेली घेतलीत तर जोड्या निघणारच नाहीत आणि दोन्हीकडे ० येत राहील. म्हणून १,००० ते १,००५ अशी अरुंद घ्या आणि के ही त्याच बेताने, २,००० ते २,०१०.

टाइम लिमिट अंदाजाने लावू नका. तुमचा पायथनमधला चांगला प्रोग्रॅम जजवर सर्वांत मोठ्या केसला जेवढा वेळ घेतो, त्याच्या साधारण तिप्पट द्या. मग सरळ पद्धतीचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये, ऑप्टिमायझेशन लावून, त्याच केसवर चालवा. कंपायलर अशा साध्या लूपमध्ये अनेक तुलना एकदम करून घेतो, त्यामुळे जो नापास होईल असं कागदावर वाटतं तो कधीकधी अगदी जवळ पोचतो. तसं झालं तर एन वाढवा.

आता बरोबर उत्तरं चूक का ठरली ते. हॅकररँकवर टेस्ट केस झिप करून चढवताना इनपुट आणि आउटपुट असे दोन फोल्डर लागतात आणि दोन्हींतल्या फाइलींचे क्रमांक ००, ०१ असे जुळावे लागतात. एक क्रमांक सरकला की सगळ्यांचीच उत्तरं चूक. फाइल विंडोजवर केलेली असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा अक्षर राहतं. पूर्ण ओळ वाचणाऱ्या सी प्लस प्लस प्रोग्रॅमला ते शब्दाचाच भाग वाटतं. टेस्ट फाइली प्रोग्रॅमनेच तयार करा आणि एडिटरमध्ये ओळशेवट 'एलएफ' (कॅरेज रिटर्न नसलेला) ठेवा. उत्तर दशांशात असेल तर अक्षर न् अक्षर जुळवू नका, ०.०००००१ पर्यंतचा फरक चालेल असं मजकुरात लिहा आणि चेकरही तसाच लावा. त्याहून बरं म्हणजे खेळीमेळीच्या स्पर्धेत दशांश उत्तरं टाळावीत.

गटात मराठी माध्यमाची मुलं आहेत, कन्नड माध्यमाचीही आहेत. प्रॉब्लेम इंग्रजीत दिले की दोघंही गप्प होतात. मराठीत दिले तर चालेल का? — संकेश्वर, शिक्षक

चालेल, आणि द्यावेतच. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्येही प्रत्येक देशाचे मार्गदर्शक स्पर्धेआधी प्रॉब्लेम आपापल्या भाषेत उतरवून घेतात. तुम्ही गोष्टीचा भाग मराठी आणि कन्नड अशा दोन्हींत द्या. इनपुटचं स्वरूप, मर्यादा आणि नमुना हे तीन तुकडे मात्र एकच ठेवा, दोन्ही भाषांखाली तेच. दोन भाषांतरांत अर्थाचा फरक पडला तर नमुना खरा मानायचा, असा नियम आधीच सांगा. कन्नड मजकूर तपासायला कन्नड माध्यमातलाच कुणीतरी घ्या, त्या निमित्ताने आयोजकांतही दोन्हीकडची मुलं येतील. अॅरे, लूप, इनपुट हे शब्द तसेच राहू द्या. मुलं तेच बोलतात.

आकडे टेस्ट फाइलीत इंग्रजीच असावेत. पायथन देवनागरी १२३ ही संख्या म्हणून बिनतक्रार वाचतो, कन्नड अंकही वाचतो, पण सी प्लस प्लस वाचत नाही. तुमच्या पायथन प्रोग्रॅमने सगळं बरोबर दाखवलं तरी निम्मा गट शून्यावर राहील.

मराठी शब्दांवरच प्रॉब्लेम काढायचा मोह होईल, आणि तो चांगला मोह आहे. फक्त 'अक्षर' म्हणजे काय हे ठरवून द्या. पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर तो ५ सांगतो, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत त्याच शब्दाचे १५ बाइट होतात आणि सी प्लस प्लसचा स्ट्रिंग तेवढेच सांगतो. 'क्ष' एकटाच तीन चिन्हांचा आहे. शब्द उलटा करायला सांगितला तर मात्रा आधीच्या अक्षराला सोडून भलत्याच अक्षरावर बसतात. मोठ्या मुलांना तिसऱ्या क्रमांकाचा प्रॉब्लेम म्हणून हेच द्या: मात्रा आणि जोडाक्षरं न मोडता शब्द उलटा करा.

गावात पावसाळ्यात वीज टिकत नाही, नेटही तसंच. काही जणांकडे फक्त मोबाइल आहे. त्यांनी काय करायचं? — जांबोटी परिसर

त्यांच्यासाठी कोड न मागता फक्त उत्तर मागणारी स्पर्धा घ्या. इनपुट फाइल गटात टाकायची, प्रत्येकाने ती कुठल्याही भाषेत, कुठल्याही यंत्रावर चालवायची आणि आलेला एकच आकडा गूगल फॉर्ममध्ये भरायचा. नेट दोनदाच लागतं, फाइल उतरवताना आणि उत्तर भरताना. अँड्रॉइड मोबाइलवर एफ-ड्रॉइड या अॅपच्या साइटवरून टर्मक्स हे कमांड चालवायचं अॅप घेऊन त्यात पायथन बसवला की ऑफलाइन काम चालतं. वेळ शनिवार सकाळ ते रविवार रात्र अशी मोकळी ठेवा.

फॉर्ममध्ये तीन गोष्टी बिघडतात. 'निकालांचा सारांश दाखवा' हा पर्याय चालू राहिला तर पहिल्याचं उत्तर सगळ्यांना दिसतं. पंधरा अंकांहून मोठी संख्या शीटमध्ये शेवटचे अंक गमावते, म्हणून उत्तर त्याहून लहान येईल असंच इनपुट घ्या. आणि सुरुवातीची शून्यं गळतात, तेव्हा उत्तर शून्याने सुरू होऊ देऊ नका.

याच पद्धतीचं उत्तम उदाहरण म्हणजे एरिक वास्टल यांनी २०१५ मध्ये सुरू केलेलं अॅडव्हेंट ऑफ कोड. दर डिसेंबरात रोज एक कोडं, आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं. २०२५ पासून ते १२ दिवसांचं झालं आहे. त्यात २०० जणांपर्यंतचा खासगी लीडरबोर्ड फुकट करता येतो. डिसेंबरची तुमची स्पर्धा त्यावरच भागवा, आयोजकांनाही सुट्टी.

एकाने सोडवलं की पाच मिनिटांत सगळ्यांकडे तेच. शिवाय आता एआयला विचारून लिहितात. काय करावं? — बेळगाव, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

उत्तर मागणाऱ्या स्पर्धेत प्रत्येकाला वेगळं इनपुट द्या. प्रत्येकाच्या अनुक्रमांकाला रँडमचं बीज (ज्या संख्येवरून यादृच्छिक आकडे निघतात ती) माना आणि एकाच प्रोग्रॅमने साठ फाइली आणि साठ उत्तरं काढा. शीटमध्ये अनुक्रमांकावरून तपासणी आपोआप होते. कोड मागणाऱ्या स्पर्धेत स्टॅनफर्डची 'मॉस' ही सेवा कोडमधलं साम्य दाखवते, नुसती व्हेरिएबलची नावं बदलून ती फसत नाही. पण ती फक्त साम्य दाखवते, चोरी सिद्ध करत नाही. पहिल्या प्रॉब्लेमचा कोड सगळ्यांचा सारखाच असतो, तिथे साम्य पकडून काही हाती लागत नाही. तिसऱ्या-चौथ्यातलं बघा.

एआय कुठल्याच तांत्रिक उपायाने अडत नाही. आमच्या मते, महिन्याआड एआय चालेल अशी वेगळी फेरी ठेवावी आणि एरवी स्पर्धेनंतर अर्धा तास कॉलवर बसावं. चिठ्ठी टाकून चार जणांची नावं काढा आणि प्रत्येकाने आपल्या एका प्रॉब्लेमचा कोड ओळीओळीने समजावून सांगावा. पहिल्या तिघांत आलेल्यांना चिठ्ठीशिवाय बोलवा. 'निम्मं का केलंस?' या प्रश्नाला ज्याने स्वतः लिहिलं आहे तो लगेच उत्तर देतो. ज्याला जमलं नाही त्याचे तेवढ्या प्रॉब्लेमचे गुण काढा आणि हे त्याच्याशी खासगीत बोला. गटात नाव घेऊन आरोप करू नका. पुरावा कितीही पक्का असला तरी करू नका, कारण सोळा वर्षांचं पोर त्यानंतर कोडिंगच सोडतं.

रोख बक्षीस ठेवलंत की नक्कल वाढते. कुंद्याचा एक डबा पुरे, आणि तो पहिल्याला देण्यापेक्षा सर्वांत नीट समजावून सांगणाऱ्याला द्या.

तीन-चार महिन्यांनी तेच पाच जण उरतात. मुली तर पहिल्या फेरीनंतरच दिसत नाहीत. — चिकोडी

दोघादोघांच्या जोड्या करा, आणि त्या गेल्या स्पर्धेच्या यादीवरून: वरचा एक, खालचा एक. दोघांत एकच खातं, आणि टाइप करायचं काम खालच्याने करायचं. नाहीतर वरचा एकटाच सगळं उरकतो. मुलींना जोडीदार निवडायची मुभा द्या आणि प्रॉब्लेम काढणाऱ्यांत किमान एक मुलगी ठेवा. रात्री अकराला संपणारी स्पर्धा अनेक घरांत चालत नाही, हेही लक्षात घ्या.

यादीत प्रत्येकाने सोडवलेले प्रॉब्लेम दाखवा, शेवटचा क्रमांक छापू नका. स्पर्धा संपल्यावर २४ तासांत प्रत्येक प्रॉब्लेमचं उत्तर लिहून टाका आणि पुढचा आठवडाभर राहिलेले प्रॉब्लेम सोडवायला मोकळीक ठेवा. त्या आठवड्यात सोडवलेल्याला निम्मे गुण. नवशिक्यांची बरीचशी प्रगती याच आठवड्यात होते.

दोघांनी तीन-तीन सोडवले तर पहिला कोण? — अथणी

आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेचा नियम असा: प्रत्येक सुटलेल्या प्रॉब्लेमला सुरुवातीपासून लागलेली मिनिटं, अधिक त्यावरच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला २० मिनिटं. न सुटलेल्यावरच्या चुका धरत नाहीत. एकाने १५, ४० आणि ८५ व्या मिनिटाला सोडवले, एक चूक केली: १६०. दुसऱ्याने १०, ५० आणि ९५ व्या मिनिटाला, चूक नाही: १५५, म्हणजे दुसरा पुढे. दंड १० मिनिटांचा ठेवलात तर पहिल्याचे १५० होतात आणि तो पुढे जातो. त्यामुळे आकडा स्पर्धेआधी जाहीर करा. नवशिक्यांच्या गटाला १० ठीक. कंपाइलच न झालेला प्रयत्न चुकीत धरू नका.